चढावरची जीप

लग्न होऊन मी मखमलाबादच्या मळ्यात आले, तेव्हा मला मोपेड चालवता येत होती आणि तेवढ्याचंच माहेरी केवढं कौतुक होतं. जीप चालवायची वेळ येईल असं स्वप्नातही नव्हतं.

सासऱ्यांना घरात सगळेच अण्णा म्हणायचे. त्यांचा गुलाबाचा मळा, कडेनं मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलबाजारात माल पोचवायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं, असं त्यांचं आयुष्य. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांच्या मनानं आंबा घेतला. चांदवडच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाला त्यांच्या आजोळची थोडी जमीन पडून होती. तिथं त्यांनी केशरची कलमं लावली आणि वर जाण्यासाठी लिलावातली एक जुनी जीप आणली. फोर बाय फोर, कापडी टपाची, मातकट हिरवी. शेवटचा चढ मुरमाचा होता आणि साधी गाडी तिथं अर्ध्यातच जागच्या जागी चाकं फिरवायची.

दोन-तीन वर्षांनी अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकायचाय, थांबा. माझे यजमान सातपूरला कारखान्यात, पाळ्या बदलत्या. कलमांना पाणी तर हवंच. एका सकाळी अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "जीप तू शिक."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साडीवर नको शिकू. पायात येईल." त्याच आठवड्यात त्यांनी मेनरोडवरून पंजाबी ड्रेसचं कापड आणलं. आमच्या वस्तीत तोवर कुठल्या सुनेनं ड्रेस घातला नव्हता. शेजारच्या काकू काही बोलल्या, तेव्हा सासूबाईंनी एवढंच सांगितलं, "तिला गाडी चालवायचीय."

सपाटीवर मी महिन्याभरात तयार झाले. आग्रा रोडनं पिंपळगाव बसवंत ओलांडताना द्राक्षांचे टेंपो, कांद्याच्या ट्रॉल्या, सगळ्यांतून गाडी काढायचे. चढाच्या पायथ्याशी मात्र थांबायचे. तिथून पुढे अण्णा घ्यायचे, अंदाजानं आणि सवयीनं. एके दिवशी समोरचा दगड त्यांना दिसलाच नाही. चाक त्यावरून उडालं, गाडी कडेला कलली, कशीबशी सावरली. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"आता मला नाय जमायचं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला तू."

पुढच्या खेपेला मी चढ घेतला आणि मध्यावर घाबरून पाय काढला. इंजिन बंद पडलं. समोर फक्त आभाळ, मागं दरीसारखा उतार. ब्रेकवर पाय दाबून ठेवला तरी गाडी मुरमावरून इंचभर घसरली. मला वाटलं, गाडी आडवी वळवावी आणि खाली न्यावी. मी स्टिअरिंग फिरवू लागले, तसा अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आडवी घालशील तर लोळंल. जशी आली तशीच माघारी जाईल. हँडब्रेक ओढ. आता रिव्हर्स टाक. चालू कर. हँडब्रेक काढ, क्लच सगळा सोड, मग पायातला ब्रेक हळूहळू."

"अण्णा, तुम्ही घ्या ना."

"मला मागचं दिसत नाय, पोरी. तुला दिसतंय."

मी मान मागं वळवली. इंजिन घुरघुरलं आणि गाडी स्वतःलाच धरून ठेवत, पावलापावलानं उतरू लागली. पायथ्याशी आल्यावर मी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. अण्णांनी पाण्याची बाटली दिली. "उतरता आलं ना? मग चढताबी येईल," म्हणाले. "चढ माणसाला भेववत नाय. माघारी कसं यायचं ते ठाव नसतं, त्याचं भ्या असतं."

त्या दिवशी आम्ही गाडी खालीच ठेवली आणि चढ पायी चढलो. कुठं मुरूम सुटा आहे, कुठं कातळ आहे, पावसानं चर कुठं पाडलाय, ते मी पायांनी बघितलं. डावं चाक कुठून न्यायचं ते ठरवलं. एका जागी अण्णांनी मला दगड उचलायला लावले आणि चर बुजवून घेतला. मग फोर बाय फोरचा लहान दांडा 'लो'मध्ये टाकून, पहिल्या गिअरात, मी न थांबता वर गेले. कुठंच जोर केला नाही. वर कलमांना नवी तांबूस पालवी आली होती. अण्णांनी काही शाबासकी दिली नाही, नुसती पाण्याची झारी हातात दिली.

त्यानंतरची वर्षं आठवली की मला उतरतानाचा तो आवाजच आठवतो. क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. पहिल्या गिअरात इंजिन गाडीला मागं ओढून धरतं आणि आपण फक्त सरळ बघायचं. सासूबाई मागं पाटीवर हात ठेवून बसायच्या, पाटीत पाडाचे आंबे. तो वास मला नंतर कुठल्याच गाडीत सापडला नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी किल्ली अण्णांच्या हातात ठेवली. घरापासून तेच चालवत होते, छान चालवत होते. ओझरच्या पुढे तर गुणगुणतसुद्धा होते. चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली आणि ते उतरून माझ्या बाजूला आले.

"सरक तिकडं. तू घे."

"का? दिसतंय ना नीट?"

"दिसतंय म्हणून तर," ते म्हणाले. "इतकी वर्षं इथं येतोय, हा डोंगर धड बघितलाच नाय. चालवताना रस्ताच बघावा लागतो."

मी चढ घेतला. ते दारावर कोपर टेकून बाहेर बघत होते. खालची शेतं, हायवेवरचे इवलेसे ट्रक, पलीकडे एकामागे एक उभी राहिलेली सातमाळ्याची रांग. "ते बघ," मध्येच म्हणाले, आणि लगेच, "तू नको बघू."