आईच्या वितीची काठी

माघ सरत आला आणि सकाळी घातलेला स्वेटर दुपारी नकोसा व्हायला लागला, की मी अंगणातला मोगरा छाटायला घेते, तेव्हा कात्रीबरोबर एक वाळकी काठीही बाहेर निघते. ती काठी ज्या वर्षीची, त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आई खिडकीशेजारच्या पलंगावर होती आणि छाटणी पहिल्यांदाच बाबांकडे आली होती. "वीतभर ठेवा, वरचं सगळं उडवा," तिनं आतून सांगितलं. बाबा अंबडच्या कारखान्यात फिटर, अंदाजानं काही करणं त्यांना जमायचंच नाही. मातीनं भरलेल्या चपला दारात काढून ते आत आले. "तुझी वीत की माझी?" आई हसायलाच लागली. "अहो, झाड आहे ते, मशीन नाही!" पण बाबा एक छाटलेली फांदी तिच्यापुढे धरून उभेच राहिले. शेवटी तिनं बोटं ताणून फांदीवर ठेवली आणि बाबांनी तिच्या करंगळीला जपत ती तिथं कापली. चैत्रात मोगरा असा फुलला, की गजरे करून शेजारी वाटावे लागले. आता दोघंही नाहीत. काल छाटताना सहज त्या काठीवर माझी वीत ठेवून पाहिली, तर ती बरोब्बर तेवढीच भरली. तरी मी काठीनंच मोजलं.