हक्कसोडीची ओटी

लातूरच्या कोर्टात मी वकिली करते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव बायकांना सांगत फिरते, की बापाच्या मिळकतीत लेकीचा हिस्सा असतो, हक्कसोडीवर सही करू नका. माईक हातात असला की मी फार शूर असते.

माहेरी माईक नव्हता. भूकंपानंतर गाव सोडून वडिलांनी लातुरात जागा घेतली होती. ते गेल्यावर भावाला तिथं क्लासच्या पोरांसाठी होस्टेल बांधायचं होतं. त्याच जागेत मागच्या पत्र्याच्या खोलीत माझी धाकटी बहीण राहते, नवऱ्यानं टाकलेली. आम्हा बहिणींच्या सह्या झाल्या की तिची खोली पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जेवायला बोलावलं म्हणून गेले. काकाही आले होते. जेवणं झाली, वहिनी खण-नारळ घेऊन आली आणि मी सवयीनं पदर पसरला. गहू पदरात पडतात न पडतात तोच भाऊ म्हणाला, "झालं. चला आता रजिस्ट्रीला. ऑटो दारात हाय."

हक्कसोडीआधी बहिणींची ओटी भरून त्यांना गप्प करतात, हे मी प्रत्येक भाषणात सांगते. टाळ्याही मिळतात.

"ओटी म्हणजे सही नव्हे," मी म्हणाले. आवाज कोर्टातला काढायला गेले, निघाला माहेरवाशिणीचा.

"लई कायदा शिकवायली," काका म्हणाले. "ओटी घ्यायची अन् भावाला नडायचं."

"ताई, तुमचा बंगला हाय की," वहिनी म्हणाली. "आमच्या पत्र्यावर कशाला डोळा?"

"मला काही नको. हिनं कुठं जायचं?"

"नवऱ्याकडं," भाऊ म्हणाला. "सही करायची नसंल तर या घराची पायरी चढू नको."

वहिनी ओटी भरायला बहिणीकडं वळली. बहीण जागची हलली नाही.

"मला शिवू नका वहिनी. मी बाहेरची हाय."

वहिनीचा हात थांबला. "मग सकाळपासून सैपाक कुणी केला?"

"मीच की. अन् सही बी मी करत न्हाई."

काका मोरीकडं चूळ भरायला धावले. भाऊ ऑटो परत पाठवून आला. संध्याकाळी त्यानं तिच्या खोलीचा नळ तोडला.

दुसऱ्या दिवशी मी वाटणीचा दावा लावला, मनाईहुकूमही मागितला. बार रूममधले वकीलमित्र अजून विचारतात, "मॅडम, राखी कोर्टातच बांधता का?" भाऊ कोर्टाच्या जिन्यात दिसला तर तोंड फिरवतो. बहीण शेजारच्या खानावळीतून पाणी भरते. खोली उभी आहे.