ओली सही

धाकट्या मावशीने एकतीस वर्षं माणसं रंगवली, आणि एकाही चित्राखाली तिचं नाव नाही. स्टुडिओची रीतच तशी. चित्र ती करायची, ते तीन आठवडे भिंतीला टेकून वाळायचं, मग मालक येऊन कोपऱ्यात आपली सही ठोकायचे. इतक्या वर्षांत त्यांनी ब्रश धरला तो तेवढ्यापुरताच.

दुसऱ्या वर्षी मावशीने एका वाळलेल्या चित्रावर गुपचूप आपलं नाव लिहिलं होतं. मालकांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. नाव गेलं, खालच्या वाळलेल्या चित्राला काहीच झालं नाही. ती घरी आली, हात धुतले, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली.

तिचं शेवटचं काम खुद्द मालकांचंच चित्र होतं. तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते कलामंडळाच्या दालनात लागायचं होतं, 'स्वतः रेखाटलेलं' म्हणून. पण "पोट थोडं आत घे", "केस जरा दाट कर" असं करत करत तो दिवस उजाडला तरी कोट ओलाच.

मी तिला न्यायला दोन वाजता पोचले. तिने ब्रश उलटा धरला, आणि मागच्या टोकाने कोटाच्या ओल्या बाहीत, रंगाच्या आतपर्यंत, आपलं नाव कोरलं. सगळं, आडनावासकट. मग तिने अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला.

तेवढ्यात मालक आले.

"हे काय गं?"

"सही."

"बोळा कुठाय?"

"तो काय, तुमच्यासमोर. पुसा खुशाल. बाहीही जाईल. थोटे दिसाल मंडळात."

"मग भरून काढ! चल, लवकर!"

"माझी नोकरी दोनला संपली, मालक. आता तुम्हीच काढा. तुमचंच तर चित्र आहे."

मालकांनी ब्रश उचलला. बाहीपाशी नेला. बराच वेळ तो हवेतच होता. चित्रातले मालक त्यांच्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर चित्रातलेच जास्त जिवंत वाटत होते. ते त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

दारात टेम्पोवाले दोघे आले. एकाने नेमका बाहीजवळचा कोपरा धरायला हात पुढे केला.

"अरे ए, तिथे नको!" मालक ओरडले. "नाव ओलं आहे तिचं."

मावशीने पिशवी खांद्याला अडकवली. जिन्यावरून ती माझ्या पुढे, दोन दोन पायऱ्या उतरत गेली.