इमिप्रामिन आणि म्हसवडची गाडी

बनुबाईचा नवरा जोतीराम एसटीचा ड्रायव्हर. कराड-म्हसवड गाडी तो अकरा वर्षं चालवत होता. पंच्याहत्तर सालच्या माघात त्यानं भर वाटेत गाडी उभी केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. कंडक्टर आकारामनं विचारलं, "गाडी बिघडली का रं?"

"गाडीला काय धाड भरलीया? मलाच फुडं जावंसं वाटंना."

घरात कुणी गेलं नव्हतं, भांडणतंटा नव्हता. लोक बनुबाईला कारण विचारत आणि तिला काही सांगता येत नसे. तो जेवेना, बोलेना. पहाटेच जागा होऊन भिंतीकडं तोंड करून पडून राही. देवऋषी झाला, अंगारा झाला. शेवटी आकारामच्या ओळखीनं ती त्याला मिरजेच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टरांनी हा उदासीचा आजार आहे म्हणून इमिप्रामिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बनुबाईला समोर बसवून सांगितलं, "मेंदूतल्या नसा एकमेकींना एका रसातून निरोप देतात. काम झालं की तो रस परत शोषला जातो. ही गोळी ते शोषणं अडवते, म्हणून रस जास्त वेळ टिकतो. पण गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. त्रास मात्र आधी सुरू होईल. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, उठताना भोवळ येईल, नजर पुसट होईल, हात कापतील. गोळ्या तुमच्याजवळच ठेवा, त्यांच्या हाती देऊ नका. आणि सध्या गाडी चालवायची नाही."

अगदी तसंच झालं. जोतीरामाची जीभ टाळ्याला चिकटू लागली, हातांना कंप सुटला. दहाव्या दिवशी तो म्हणाला, "ह्ये औषध हाय का इख?" बनुबाईनं गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. तो गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

चौथ्या आठवड्यात त्यानं आपणहून भाकरी मागितली. चुलीकडं तोंड फिरवून ती रडली.

डेपोत त्याला गाड्या धुवायचं काम मिळालं. त्याच्या गाडीवर आता दुसरा ड्रायव्हर होता, आणि संध्याकाळी ती गाडी धुवायला जोतीरामाकडंच येई. पावसाळ्यापर्यंत त्यानं ते सोसलं. मग गोळी गालात धरून परसात थुंकायला लागला. नजर निवळली, हातांचा कंप थांबला. डेपोच्या साहेबाकडं जाऊन त्यानं गाडी मागितली. साहेब म्हणाले, डॉक्टरांचा दाखला आणा.

दाखला आणायचा राहूनच गेला. दीड महिन्यात तो पुन्हा अंथरुणाला खिळला, आणि या खेपेला बनुबाईची हाकही त्याच्यापर्यंत पोचेना. परसात भिंतीच्या कडेला तिला ओल्या, फुटलेल्या गोळ्या सापडल्या.

"तुमी असं का केलंसा?"

भिंतीकडंच तोंड ठेवून तो म्हणाला, "गोळी घेतली की गाडी न्हाई. सोडली की ह्ये असं. मग जगायचं कशापायी, सांग की."

"माज्यापायी न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला पुन्हा मिरजेला घेऊन गेली.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मात्रा वाढवली. या वेळी दोन महिने गेले तेव्हा कुठं तो उठला, तोही अर्धामुर्धा. पुढं तो गाड्याच धूत राहिला. जेवे, कामावर जाई, विचारलं तर उत्तर देई. शेजारणी म्हणत, बरा झाला की तुझा नवरा. बनुबाई व्हय म्हणे, आणि रोज सकाळी त्याचं तोंड उघडून जिभेखाली बोट फिरवून बघे.