कवटीला दिलेली राखण

गोदूबाईला लोक वेडी म्हणतात. म्हणोत बापडे. आमची तिची घरं भिंतीला भिंत लागून. मी सून होऊन या गावात आले तेव्हापासून तिला बघते, त्यामुळे मला कुणी शिकवू नये.

कासू स्टेशनावर उतरून खाडीकडे चालत गेलं की आमचं गाव. मिठागरं नि खारी शेती. भरतीचं पाणी अडवायला बांध, आणि बांधावर राखणदार. म्हणजे शेंदूर फासलेला दगड, पण त्याचा मान मोठा. घरात दुखणं आलं की त्याला राखण द्यायची: आंघोळ करून ओलेत्यानं, अनवाणी जायचं, हळदकुंकू लावायचं, लाल फडकं बांधायचं, नारळ फोडायचा. लांबून जोडलेले हात त्याला चालत नायत. जवळ जाऊन शिवावं लागतं.

गावात वीज आली त्या वर्षी बांधाच्या टोकाला खांब उभा राहिला. खांबाखाली लोखंडी पेटी, पेटीवर पत्र्याची पाटी, तिच्यावर लाल रंगात माणसाची कवटी आणि दोन हाडं. वीजवाल्यानं देवळापुढं पुरुषांना बजावून सांगितलं, हात लावाल तर मराल. पुरुषांनी ऐकलं, विड्या ओढल्या, नि घरी येऊन बायकांना एक अक्षर सांगितलं नाय. मेल्यांची तोंडं एरवी कशी चालतात! बायकांनी मग आपापला अर्थ लावला. लाल रंग, बांधाचं टोक, हाडं. नवा राखणदार आलाय, नि कडक दिसतोय.

गोदूबाईची नात जनी तेव्हा पाळण्यात होती, तापानं फणफणलेली. गोदूबाई सुनेला म्हणाली, नव्याला अजून कुणी काय दिलं नाय, तू दे जा. भिंतीपलीकडून मी ऐकलंय ते. शकू गुणी पोर, सासूचा शब्द खाली पडू द्यायची नाय. उजाडता उजाडता ओल्या लुगड्यानं गेली. पेटीचं दार सैल होतं. फडकं बांधताना हात आत गेला असावा. मिठागरावर निघालेल्या माणसांना ती खांबाशी पडलेली सापडली.

जनीचा ताप उतरला, आणि त्यानंच घात केला. गाव म्हणालं, राखण पोचली, पण मानपानात काही चुकलं म्हणून त्यानं सून ठेवून घेतली. आता शकूच तिथली राखणदारीण. लोक लांबून नारळ ठेवायला लागले.

आणि गोदूबाईला शकू दिसायला लागली. चुलीपाशी, अंगणात, भरदुपारी मिठाच्या राशीआड. लुगडं निथळतंय, बोलत काही नाय. मी नाय पाहिली, खोटं कशाला बोलू? पण तिच्या ओसरीवर पावलांएवढं पाणी सांडलेलं मी पाहिलंय, तेही ऐन वैशाखात. त्या ओसरीवर मी परत बसले नाय.

मग तिला ते खूळ लागलं. कवटीची पाटी दिसली की उभी. पेणच्या स्टँडवर, रोह्याच्या फाटकापाशी, नागोठण्याला रस्त्यात थांबलेल्या टँकरमागं. भेटेल त्याला विचारायची, हे जवळ जायचं हाय का लांब व्हायचं? लोक हसायचे, लांब हो म्हातारे, मरशील, म्हणायचे. त्यांच्या घरात झालं असतं म्हणजे कळलं असतं.

जनीला मात्र तिनं एवढंच सांगितलं होतं, की तुझी आई तुझ्यासाठी आपणहून गेली. जनी मोठी झाली, रोह्याजवळ वरसेला दिली. तिचं पहिलं बाळ तापलं, दूध ओढीना, तशी ती त्याला घेऊन माहेरी आली. बांधावरची आई मला नाय म्हणायची नाय, म्हणाली. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, विहिरीवर डोक्यावरून घागर ओतून घेतली, नि निथळत बांधाची वाट धरली. मी ओरडले तशी गोदूबाई धावली. म्हातारीच्या पायांत कुठून बळ आलं देव जाणे.

बाळाला घेऊन मी पोचले तोवर जनीनं हात पुढं केलेला, आणि गोदूबाई पेटीपुढं आडवी. जनी विनवत होती, सर गो आजी, आई बोलावते मला, ती बघ. गोदूबाईनं वळून पाहिलं. तिलाही दिसली, मी तिच्या तोंडावरून ओळखलं. मग ती अगदी हळू बोलली.

"आपणहून नाय गो गेली ती. मी धाडली. इथं देव नव्हता, मरण होतं, मला कळलं नाय. तुझी आई मी मारली, जने."

जनीचा हात खाली आला.  तिनं माझ्याकडून बाळ घेतलं, ओल्या कपड्यांनीच स्टेशन गाठलं, नि रोह्याच्या दवाखान्यात गेली. बाळ जगलं. आता शाळेत जातं म्हणे.

म्हणे, कारण जनी परत गावात आली नाय. गोदूबाईनं निरोप धाडून पाहिले. शेवटी मीच वरसेला जाऊन आले. जनीनं चहा केला, गुराढोरांचीसुद्धा चौकशी केली, पण आजीचं नाव काढलं नाय. घरी येऊन हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तरी सांगितलं. गोदूबाई रडली नाय. दोन ताटं वाढत होती, एक स्वतःचं नि एक समोरच्या रिकाम्या पाटापुढं.

"शकू येते ना गो," ती म्हणाली. "बोलत नाय, पण येते."