श्वासापुरती जागा

लोक तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत, आणि ते धंद्यावरून की जिभेवरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर मात्र ताई. केस कापायचं दुकान आत्याकडून तिच्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने खुर्ची फिरवून बसवली. आरशाकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. काम पुरं झालं की ती खुर्ची गर्रकन वळवायची. त्याआधी गिऱ्हाइकाने स्वतःला बघायचं नाही. “अर्धवट कामावर मला कुणाचं मत नकोय,” ती सांगायची. हातात गुण होता म्हणून लोक हेही चालवून घेत.

त्या सकाळी मात्र मतांना ऊत आला होता. आदल्या संध्याकाळी सभागृहात तिच्या धाकट्या भावाच्या बिग बँडने ते जुनं गाणं वाजवलं होतं. गाणं सगळ्यांचंच होतं, पण या गावापुरतं ते तिच्या आईचं. आई ते बँडच्या पुढे उभी राहून वर्षानुवर्षं गायली. संथ गाणं, दारात वाट बघणाऱ्या बाईचं. शेवटची ओळ होती, “दिवा मालवला नाही, अजून.” त्या ‘अजून’च्या आधी आई थांबायची. इतकी, की मागच्या रांगेतला खोकणारा खोकला गिळायचा. मग हलकेच ‘अजून’, आणि लोक रुमाल शोधायचे. घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. गाणंही तेव्हापासून कुणी वाजवलं नव्हतं.

आणि काल भावाने ते जॅझमध्ये, दुप्पट वेगाने, गाणारीशिवाय वाजवलं. वर त्या थांबण्याच्या जागी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, जे जे फुंकता येतं ते ते एकदम फुंकलं. अर्धं सभागृह उभं राहून टाळ्या पिटत होतं, अर्धं तोंड वाकडं करून बसलं होतं. आणि पहिल्या रांगेतली आई मधेच उठून बाहेर निघून गेली होती. ते पाहून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती सकाळपर्यंत तिथेच होती.

पहिला आला पोस्टमन. खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या पायांनी कालच्या गाण्याचा ताल धरला.

“काय वाजवलं हो तुमच्या पिपाणीने.” लहानपणी खेळण्यातली पिपाणी झोपेतही सोडत नसे, म्हणून भावाचं गावभर हेच नाव. “आमची ही तर नाचलीच. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, पण काल नाचली.”

“मान सरळ.”

“नाही, जुनंही छान होतं. पण ते ऐकलं की घरी जाऊन झोपावंसं वाटायचं.”

“कान जवळ आहे हं कात्रीच्या,” ताई म्हणाली. पोस्टमनने पाय आवरले.

मग औषधांच्या दुकानदाराची बायको आली. केस कापायचेच नव्हते तिला, हळहळायचं होतं.

“मला तर रडू आवरेना. आईंच्या त्या थांबण्यात काय नव्हतं हो? तुमचे वडील गेले ते सगळं त्यात होतं. आणि ती जागाच बुजवून टाकली. सख्ख्या मुलाने.”

हे बोलणं तर ताईचंच होतं. वडिलांचं, त्या जागेचं, सगळं तिनेच याच खुर्चीमागे उभं राहून गिऱ्हाइकांना ऐकवलेलं. पण दुसऱ्याच्या तोंडून भावाला नावं ठेवलेली ऐकली आणि तिला आणखीच तिडीक आली.

“तुम्हाला केस कापायचेत का?” ती म्हणाली.

“नाही, मी आपली सहज—”

“मग दार लावून घ्या जाताना.”

तेच दार उघडून थोड्या वेळाने पिपाणी आत आला. बँडमधले सगळे कार्यक्रमाआधी तिच्याकडूनच केस कापून घेत. सरावाच्या धांदलीत याचे राहिले होते, आणि आज संध्याकाळी दुसरा कार्यक्रम होता. तो मुकाट्याने खुर्चीत बसला. तिने मुकाट्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, जरा जास्तच आवळून.

“ताई, गळा.”

“काल वाजवताना आईचा गळा नाही आठवला?”

तिने डाव्या बाजूने सुरुवात केली.

“आजही तेच वाजवणार?”

“कार्यक्रमपत्रिकेत छापलंय.”

“ती जागा तरी सोड. तेवढं मोकळं ठेव. बाकी घाल काय धिंगाणा घालायचा तो.”

“नाही सोडणार.”

“का?”

“आईला विचार.”

“आई उठून गेली काल. सगळ्यांसमोर. त्यात नाही का उत्तर मिळालं तुला?”

“तू विचारलंस तिला, का उठली?”

“विचारायला काय हवंय त्यात? डोळे आहेत मला.”

“डोळे आहेत,” तो म्हणाला. “कान कुठेत?”

तिने कात्री ओट्यावर ठेवली, त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं आणि झटकलं.

“ऊठ.”

“ताई, अर्धंच झालंय.”

“ऊठ म्हटलं ना. त्या गाण्याचं जे केलंस तेच तुझ्या डोक्याचं केलंय. पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही.”

तो उठला. आरशाकडे त्याने बघितलंच नाही, नियम नियम होता. रस्त्यापलीकडच्या बेकरीच्या काचेत त्याने स्वतःला पाहिलं, डावीकडे साहेब आणि उजवीकडे झुडूप, आणि तिथल्याच बाकावर डोक्याला रुमाल गुंडाळून बसून राहिला. बेकरीवाल्या बाईने त्याला आत बोलावलं, मग हसू दाबायला स्वतःच आत गेली.

ताईने दुकानाला कडी घातली आणि जिना चढून वर गेली. दुकानाच्या डोक्यावरच दोन खोल्या होत्या. आई खिडकीशी बसून उशीचे अभ्रे घडी करत होती. सारं आयुष्य इस्पितळाच्या लाँड्रीत गेलेलं, कपड्याला सुरकुती दिसली की हात शिवशिवायचे.

“हाकललं त्याला,” ताई म्हणाली. “तुझ्यासाठी.”

आईने खिडकीतून खाली, बाकाकडे बोट दाखवलं. तिने सगळं पाहिलं होतं. मग जवळ ये अशी खूण केली. तिची कुजबुज ऐकायची तर वाकावं लागे.

“मीच सांगितलं त्याला. ती जागा भर म्हणून.”

“काहीतरीच.”

“धाप होती ती.”

ताई वाकलेली तशीच राहिली.

“लाँड्रीतून पळत यायची मी. दिवसभर वाफेत. शेवटच्या ओळीपर्यंत छातीत काही उरायचंच नाही. पहिल्यांदा थांबले ती मरते की काय म्हणून थांबले. लोक रडले. बँडमास्तर म्हणाले, हे असंच ठेवा.”

तिने पाण्याचा घोट घेतला, घसा चोळला.

“एकदा सुट्टी होती. दुपारी झोप काढून गायला गेले. न थांबता गायले, सरळ. इतकं मोकळं कधी गायले नव्हते. बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, आज मजा नाही आली.” आईच्या हातातला अभ्रा चुरगळला होता. “माझी धाप ऐकायला यायचे गं लोक. गाणं कुणी ऐकलंच नाही.”

“मग काल उठून का गेलीस?”

“अख्खी रांग माझं तोंड बघत होती. रडते का, रडते का. पोरगं तिकडे जीव तोडून वाजवतंय आणि ही माणसं माझ्याकडे बघतायत. म्हटलं मी गेले तर ऐकतील तरी. दाराशी उभं राहून ऐकलं मी. सगळं.”

ताईला बसावंसं वाटलं आणि बसवेना. राग होता तसाच होता, फक्त ठेवायला जागा सापडत नव्हती.

“मला का नाही सांगितलंस? त्याला सांगितलंस.”

“त्याने विचारलं. वाजवायच्या आधी येऊन विचारलं, आई, तिथे का थांबायचीस.” आईने अभ्रा पुन्हा मांडीवर पसरला आणि तळहाताने दाबला. “तू कधी विचारलं नाहीस. तू लोकांना सांगत सुटलीस.”

“तू ऐकायचीस ना वरून. मग थांबवायचंस.”

“मी गायचे तेव्हा पडद्यामागे डोळे मिटून उभी असायचीस तू. एवढीशी. तो चेहरा बघून काय सांगणार होते?”

“मोठी झाल्यावर सांगायचंस,” ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “माझ्या तोंडून इतकी वर्षं—”

“ओरडू नकोस. मला तेवढ्या आवाजात उत्तर देता येत नाही.”

ताई खाली आली, कडी काढली आणि दारात उभी राहून रस्त्यापलीकडे बघून म्हणाली, “ये.”

पिपाणी आला. रुमाल काढला. ती उजव्या बाजूला उभी राहिली.

“तू सांगायचंस.”

“तिने शपथ घातली होती. म्हणाली, ताईचं तेवढं एक आहे, असू दे.”

“माझं तेवढं एक,” ती म्हणाली, आणि कात्री इतक्या जोरात चालली की त्याने डोळे मिटून घेतले. माफी तिने मागितली नाही. खुर्ची वळवली, त्याने आरशात पाहिलं, दोन्ही बाजू सारख्या होत्या.

संध्याकाळी ती आईला घेऊन पहिल्या रांगेत बसली. पलीकडे औषधवाल्याची बायको, हातात आधीच रुमाल.

“आईंना परत कशाला आणलंत? त्रास होईल त्यांना,” ती कुजबुजली. “ती जागा आली की—”

“ती धाप होती,” ताई म्हणाली.

“हो ना. कलावंताची धाप.”

“लाँड्रीची,” ताई म्हणाली. बाईने समजूतदारपणे मान हलवली, म्हणजे काहीच शिरलं नव्हतं.

दिवे मंदावले. बँड सुरू झाला. गाणं धावत, उड्या घेत शेवटच्या ओळीकडे निघालं, आणि पहिली रांग एकेक करून वळली, आईच्या चेहऱ्याकडे. ताईलाही वळावंसं वाटलं. लहानपणापासून त्या जागी मिटायची सवय झालेले डोळे फडफडलेसुद्धा. पण ती उठून उभी राहिली, रंगमंचाकडे पाठ करून, आईच्या पुढ्यात, आई आणि त्या सगळ्या माना यांच्यामध्ये.

“तिकडे बघा,” ती मोठ्याने म्हणाली. “वाजवणारे तिकडे आहेत.”

मागून कुणीतरी शुक् केलं. रंगमंचावर सगळी पितळी तोंडं एकदम वर उठली आणि ती जागा आली, भरून, कुठेही न थांबता. आईने ताईच्या हाताला खालून झटका दिला.

“तू खाली बस,” ती कुजबुजली. “मला दिसत नाहीये.”