न खोकणारा कॅमेरा

पनवेल तालुक्यात आमच्या घरमालकांइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतका खोटा ठरलेला माणूसही पाहिलेला नाही. दोष त्यांच्या सांगण्याच्या तऱ्हेचा. विचुंब्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी, शाळेतला मास्तर, भाड्याने राहायला आलो, त्याच आठवड्यात त्यांनी मला गच्चीवरच्या टाकीत सापडलेल्या माशाची हकीकत सांगितली. मासा खरोखर सापडला होता. बगळ्याच्या चोचीतून पडलेला तो मासा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, स्वतः तळला होता. पण सांगताना मालकांनी दोन्ही हात असे काही पसरले की त्या मापाचा मासा टाकीत तर सोडाच, गच्चीवरही मावला नसता. काकूंनी आतून बोटभर माप दाखवलं, आणि मी तिथेच ठरवून टाकलं की या गृहस्थांची प्रत्येक गोष्ट पुढे काकूंच्या बोटाने मोजायची.

गाव त्यांना शेठ म्हणतं. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, पायात मात्र वर्षानुवर्षांची तीच रबरी चप्पल. आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारून कमावलेला, त्यामुळे फोनवर बोलतानाही ते फोन कानापासून लांब धरतात आणि पलीकडचा माणूसही बहुधा तेच करतो. बरीचशी जमीन इमारतींखाली गेली. उरली ती खाडीलगतची खाजणाची एक पट्टी. तिथे भात पिकत नाही, तिवरांची झाडी, चिखल आणि खेकडे एवढंच. तरी रोज सकाळी स्कूटर काढून ते ती पट्टी बघून येतात. "बगून येतो हो मास्तर," असं मला जिन्यातूनच ओरडून सांगतात, जणू एखाद्या दिवशी जमीन उठून कुठे निघून जाईल.

त्या पट्टीवर एका सकाळी त्यांना कोल्हा दिसला. आणि त्यांनी काय करावं? नात्यातल्या एका हळदीला, भरल्या मांडवात, बेंजोवाले जरा दम खायला थांबले असताना ते जाहीर केलं. समोर त्यांचे व्याही बसले होते. मालकांची लेक उरणला दिली आहे, तिचे सासरे. स्वतःच्या बोटींचे मालक आणि जिभेला धार. त्यांनी शांतपणे विचारलं, "शेठ, कोल्ह्याच्या गल्यात पट्टा व्हता का?"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. तेव्हापासून कुठल्याही कार्यात मालक शिरले की कोपऱ्यातून कुणीतरी हळूच भुंकायचं. मालकही हसायचे. घरी आल्यावर मात्र एकदा जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "मास्तर, माशात मी मसाला घातला, मना कबूल हाय. पन ह्या कोल्ह्यात मी चिमूटभर बी नाय घातला हो. बापाचा हात धरून जिथं पयला बघितला, तिथंच तो परत दिसला. आता ह्यो बी खोटा ठरला तर मी खरं बोलू कवा?" त्यांचा आवाज इतका खाली उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला फार वाईट वाटलं. मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मला दाखवला. मोठा करून पाहिला तर चिखलाचा गोळा, आणखी मोठा केला तर नुसताच चिखल.

अशा रीतीने कॅमेरा घ्यायचं ठरलं. मी थोडंफार वाचून ठेवलं होतं. सेन्सर, मेगापिक्सेल, झूम वगैरे समजावून सांगायला लागलो, तर मालकांनी हात वर करून मला थांबवलं. तारुण्यात त्यांनी शर्यतीचे बैल पाळले होते आणि बैल निवडताना ते कधी चुकले नव्हते. कॅमेऱ्याने असा काय मोठा तीर मारलाय की त्याला वेगळा नियम लावायचा? मग पनवेलमधल्या दुकानांतून आमची वरात सुरू झाली. मालक आधी कॅमेऱ्याभोवती फिरून यायचे. दुकानात जागा नसेल तर दुकानदाराला बाजूला व्हायला लावायचे. मग मागून बघायचे, हातात तोलायचे, "तोंड उघड जरा" म्हणून लेन्सचं झाकण काढायला लावायचे. अगोदर कुणाकडे होता, असं नव्याकोऱ्या खोक्यातल्या कॅमेऱ्याबद्दल विचारायचे. एका दुकानात तर भावाची वेळ आल्यावर त्यांनी काउंटरवर रुमाल पसरला आणि बैलबाजारातल्या रीतीप्रमाणे रुमालाखाली दुकानदाराची बोटं धरली. तो बिचारा कसल्याशा मॅनेजमेंटची पदवी घेतलेला. त्याने घाबरून हात झटकला आणि थेट दुकानाच्या मालकिणीला हाक मारली.

मालकांचा पुतण्या लग्नाचे फोटो काढतो. त्याने एक भलामोठा कॅमेरा सुचवला, लेन्स वेगळी, पट्टा रुंद, बघूनच भीती वाटावी असा. मालकांच्या डोळ्यांत चमक आली. बटण दाबलं. आत आरसा हलून मोठ्याने 'खटॅक' झालं. मालकांनी कॅमेरा खाली ठेवला. "ह्यो खोकतो," ते म्हणाले. "खोकणारा मानूस शिकारीला न्यायाचा नसतो." पुतण्याने चित्र किती सुंदर येतं ते सांगून पाहिलं. "चित्र येईल रं, पन कोल्हा थांबंल का?" पुतण्याने कॅमेरा परत दुकानदाराकडे सरकवला. दुसरा एक आवाज न करणारा निघाला, पण त्याच्या लेन्सा बदलाव्या लागत. "खाडीवरच्या वाऱ्यात ह्याचं पोट उघडायचं आन् आत चिखल भरून घ्यायचा?" तोही गेला.

शेवटी स्टेशनकडच्या एका लहानशा दुकानात एक साधासा कॅमेरा हाती आला. लेन्स अंगालाच जोडलेली, झूम मात्र केवढातरी, आणि बटण दाबलं की चिटपाखराला कळू नये. परीक्षा म्हणून मालक दुकानाच्या दारात उभे राहिले आणि रस्त्याच्या पार टोकाच्या मिठाईवाल्यावर त्यांनी नेम धरला. मग माझा दंड धरून म्हणाले, "मास्तर, बगा." मी पडद्यावर पाहिलं. डॉक्टरांनी गोड बंद केल्याचं प्रत्येक पंगतीत सांगणारे उरणचे व्याही फुटपाथवर उभे होते. हातात जिलेबी, मिशीवर पाक. पाकाचा थेंबसुद्धा मोजता आला असता. "ह्योच बांधून द्या!" मालक गरजले. मी म्हटलं, शेठ, हा एवढा फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरवा, आयुष्यात पुन्हा कुणी भुंकणार नाही. मालक माझ्याकडे बघतच राहिले. "छ्या! पोरगी दिलीय त्यांच्या घरात." आणि त्यांनी तिथल्या तिथे तो फोटो पुसून टाकला.

मग सराव. आमच्या दोरीवरचे बनियन, काकूंची मांजर, मी दाढी करताना, असं सगळं वन्यजीवन त्यांनी टिपलं. फोटो काढायला ते पटकन शिकले. गप्प बसायला शिकणं हे खरं दिव्य होतं. बांधाआड बसल्यावर पाच मिनिटांत ते "आज येल असं वाटत नाय" असं कुजबुजायचे, आणि त्यांची कुजबुज ऐकून पलीकडच्या तिवरांतले बगळे उडायचे. काकूंनी शेवटी उपाय काढला. तोंडात सुपारीचं खांड द्यायचं आणि ते विरघळेपर्यंत बोलायचं नाही. सुपारी विरघळत नाही हे मालकांना ठाऊक होतं, पण काकूंचा शब्द त्यांनी पाळला.

एका रविवारी मी सोबत होतो. ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला, पलीकडे नव्या इमारतींवर क्रेन उभी. तिवरांतून तो बाहेर आला. बारीक पाय, टोकदार तोंड, झुपकेदार शेपूट. आरामात आला, खेकड्याच्या बिळाशी थांबला, मान खाली घातली. मालकांचा हात जरासुद्धा हलला नाही. कॅमेराही खोकला नाही. कोल्ह्याने खेकडा धरला, सरळ आमच्याकडे बघितलं आणि आला तसा निघून गेला. फोटोत सगळं होतं, मिशा, तोंडातला खेकडा, मागे ती क्रेन. घरापर्यंत मालक एक शब्द बोलले नाहीत. सुपारी तर त्यांनी केव्हाच थुंकून टाकली होती.

पण आनंद पोटात ठेवतील तर ते आमचे मालक कसले! आमच्याकडे आनंद झाला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. मालकांनी फोटो फ्लेक्सवाल्याला दिला आणि "मोठा कर" एवढंच सांगितलं. फ्लेक्सवाल्याच्या हाताला एकच वळण. त्याने कोल्ह्याच्या मागे सोनेरी किरणं सोडली, वर 'गावाची शान' लिहिलं, खाली शुभेच्छुक म्हणून मालक, पुतण्या आणि न विचारता माझाही चेहरा चिकटवला, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. सकाळी नाक्यावर ही गर्दी! मालक आधी लाल झाले, मग लोक कोल्ह्याचा फोटो काढताहेत हे बघून खुलले. संध्याकाळी पोरांनी रीतसर केक आणला, फटाक्यांची माळ लावली आणि उत्सवमूर्ती गैरहजर असल्यामुळे मालकांच्या हातून केक कापून घेतला. माझ्या वर्गातली मुलं मला आठवडाभर 'शुभेच्छुक सर' म्हणत होती.

फोटो फिरत फिरत उरणला पोहोचला. दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः आले. फ्लेक्सखाली उभे राहून त्यांनी बराच वेळ मान वर करून बघितलं. गळ्याशी पट्टा आहे का तेही बहुधा पाहिलं असावं. मग सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेठ, तुमी खरं व्हतात. चूक आमची." मालकांनी त्यांना मिठीच मारली. त्या दिवशी नाक्यावर जो जो आला त्याला चहा मिळाला, मालकांनी कोल्ह्याची गोष्ट प्रत्येकाला नव्याने सांगितली, आणि गंमत म्हणजे एकदाही त्यात काही वाढवलं नाही. जिंकलेला माणूस इतकं साधं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या सकाळी व्याह्यांना प्रत्यक्ष दाखवायचं म्हणून आम्ही तिघे बांधावर गेलो. कोल्हा आला नाही. पट्टीच्या पलीकडच्या जागेवर डंपर मातीचा भराव टाकत होते. एक रिकामा झाला की दुसरा मागे लागायचा. व्याही समजूत घालत म्हणाले, "राहू द्या शेठ. फोटो हाय ना आपल्याकडं, बास झालं."

मालकांनी कॅमेऱ्यावर झाकण लावलं. "फोटोनं मी खरा ठरलो व्याही, ते बरं झालं. पन उद्या पोरं इचारतील, कोल्हा कुटं हाय, तर मी काय फोटो दाखवू? त्यो इथं रोज येत राहू दे. मग मना खोटा म्हना, पट्टा व्हता म्हना, चालंल मना."

व्याह्यांनी नुसता मालकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शाळेची वेळ झाली म्हणून मी उठलो. रस्त्यावरून मागे पाहिलं तेव्हा दोघे तिवरांकडे तोंड करून बसलेले होते, भरती हळूहळू बांधाशी येत होती, आणि एरवी मला तिथूनही ऐकू आला असता असा मालकांचा आवाज काही केल्या येत नव्हता.